एफीचे हातमोजे

लुईस बेट, शुक्रवार

ति. किर्स्टीताईस,

धाकट्या केनेथचा प्रभूमध्ये सलाम. ग्लासगोच्या धुरात तुझा खोकला कसा आहे? भावोजींचा गुडघा वळतो का आता? इकडे मेंढ्या, छप्पर आणि मी शाबूत आहोत. पोटात तेवढं दुखतं, पण ते डॉक्टरला दाखवण्यासारखं नाही. दुखण्याचं नाव टॉर्मॉड.

खालच्या घरातला टॉर्मॉड गं, तुझ्या लग्नात पिऊन मेंढीला नाचायला उठवत होता तो. गेल्या वसंतात त्याचं मन पालटलं, दारू सोडून प्रभूकडे वळला. मला आनंदच आहे (चर्चच्या पाळकांना मी तसं दोनदा सांगितलं). नव्याचे नऊ दिवस म्हणून गप्प बसलो, पण नऊ दिवसांचे नऊ महिने झाले. बुधवारच्या प्रार्थनासभेत तो उभा राहतो, अडखळत चार वाक्यं बोलतो, रडतो, आणि समस्त बाया रुमाल काढतात. मी बावीस वर्षं चर्चच्या मंडळीचा वडील, म्हणजे पंचच, माझ्या प्रार्थनेला आजवर एक रुमाल निघालेला नाही. आणि माझी प्रार्थना काय साधीसुधी आहे? सृष्टीच्या उत्पत्तीपासून निघते, मच्छीमार, आजारी, विधवा अशा सगळ्यांना वाटेत घेत पृथ्वीच्या सीमांपर्यंत पोचते. मोजून अकरा मिनिटं. पण अलीकडे माझ्या ध्यानात आलं (प्रार्थनेत डोळे किलकिले ठेवणं हे मंडळीच्या वडिलांचं कर्तव्यच असतं) की मी 'विधवा' म्हटलं की म्हातारी एफी तोंडातली पेपरमिंटची गोळी कडकडून चावून संपवते, आणि 'पृथ्वीच्या सीमा' आल्या की हातमोजे चढवायला लागते. तिच्यामागून सगळ्या. म्हणजे बावीस वर्षं मी त्यांचं घड्याळ होतो, ताई.

परवा टॉर्मॉडच्या पाठोपाठ पाळकांनी मला उठवलं. आज काहीतरी नवं बोलायचं, आणि रडायचंही, असं मी घरूनच ठरवून आलो होतो (खिशात कांद्याची फोड होती, हे तुझ्यापाशीच ठेव). 'हे प्रभो' म्हटलं आणि पुढचं काही येईना. जुनं सोडलेलं, नवं सापडेना. बाया वर बघायला लागल्या. आणि मग माझाच आवाज मला ऐकू आला, 'प्रभो, मला टॉर्मॉडचा हेवा वाटतो. तो तुझ्याशी बोलतो. मी कित्येक वर्षांत बोललेलोच नाही.' एवढं म्हणून मी बसलो. कांद्याचा वास तेवढा येत होता. बाहेर पडताना एफीने बाही धरली. म्हणाली, 'केनेथ, आज माझे हातमोजे घालायचे राहूनच गेले की रे.' खरं सांगतो, घरापर्यंत रडत आलो, आणि कांदा खिशातच होता.

तुझा धाकटा भाऊ,
केनेथ

ता. क. पत्र टपालात टाकायचं आठवडाभर राहिलं, ते बरंच झालं. या बुधवारी मी तीच कबुली पुन्हा दिली, शब्दन् शब्द, थांबायच्या जागांसकट. 'हेवा' म्हणायच्या आत एफीचा एक हात मोज्यात होता. तेव्हा मुख्य काम असं: लहानपणी मी केलेलं एखादं ठळक पाप तुझ्या आठवणीत असेल तर उलट टपाली कळव. रविवारी, प्रभूच्या विश्रांतीच्या दिवशी, मासे धरल्याचं नको, ते टॉर्मॉडने वापरलंय.

आणखी एक. आत्ताच टॉर्मॉड चार बांगडे घेऊन येऊन गेला. दारातच उभा राहून म्हणाला, 'केनेथदादा, माझे शब्द आटले हो. रडूही येईना. तुम्ही कसे कधी अडत नाही? तुमची ती जुनी प्रार्थना लिहून द्याल का?' बसून लिहिली. इतकी वर्षं म्हटली, पण वाचली आज पहिल्यांदा. तिसऱ्याच ओळीत आहे, 'आम्हांला झोपेतून जागं कर.' ती ओळ मी पुन्हा एकदा वाचली, तो बिचारा दारात उभाच. मग कागद दिला. हातमोज्यांचं मात्र त्याला काही सांगितलं नाही.