बाराव्या जागेचा निर्णय

१ जानेवारी १९९८, गुरुवार
नवीन वही. संकल्प: पहाटे स्वतःहून उठायचं. रोज साडेपाचला बाबासो खिडकीखाली दुधाचा टेम्पो उभा करून तीन हॉर्न मारतो. अख्खी गल्ली उठते. माझ्यासारख्या जबाबदार माणसाला हे शोभत नाही. त्याच्याशी एकदा बोलायला हवं.
मी वज्रतेज क्रीडा मंडळाच्या बास्केटबॉल टीमचा सेक्रेटरी, कॅप्टन आणि (सध्या) पॉइंट गार्ड. वय छत्तीस, दिसतं तिसाच्या आत.

५ जानेवारी, सोमवार
जिल्हा लीगच्या नावनोंदणीची मुदत ३१ जानेवारी, संध्याकाळी पाच. यादीत बाराच नावं चालतात. आपले आत्ता बरोब्बर बारा आहेत. म्हणजे नवीन माणूस घ्यायचा तर एकाला सोडायला लागणार. अमेरिकेतल्या टीम मुदतीआधी असेच निर्णय घेतात, केबलवर बघतो मी. तिथं दोस्ती-बिस्ती काही नसते.

८ जानेवारी, गुरुवार
सापडला! बिद्रीच्या साखर कारखान्यातला आकाराम. सहा फूट चार इंच. एका लग्नात पंगतीला माझ्या समोर बसला होता, बसूनसुद्धा उंच. खेळणार का विचारलं. म्हणाला, बघू की. म्हणजे होच.

११ जानेवारी, रविवार. दुपारी ३
कुणाला सोडायचं? दोन तास शांतपणे विचार केला. घरात मी एकटाच असल्यामुळे विचाराला निवांतपणा मिळतो.
बाबासो. वय बेचाळीस. उडी नाही. रिबाउंडला हात वर करून नुसता उभा राहतो, पाहुण्यांना आशीर्वाद दिल्यासारखा. बॉल, पंप, पट्ट्या, लिंबू-सरबताची कळशी टेम्पोत घालून आणतो आणि मॅचला सगळ्यांना टेम्पोतून नेतो, पण ते काय खेळात धरत नाहीत.

१२ जानेवारी, सोमवार
बाबासोला ना-हरकत पत्र दिलं. टाइप करून, शिक्क्यासह. म्हणालो, तुला उंची आहे, उडी नाही. त्याने पत्र दोनदा वाचलं. म्हणाला, तुझ्यात तर दोन्ही न्हाईत की रं. मग हसला आणि पत्र खिशात घातलं. विनवण्या करेल असं वाटलं होतं. एक-दोन दिवसांत करेल.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. पहाटे परत तीन हॉर्न! खाली जाऊन स्पष्ट सांगितलं की आता तू टीमचा नाहीस, माझ्या दारात हॉर्न मारायचं काम नाही. तो म्हणाला, बरं बाबा, न्हाय मारत. आणि तिळगूळ पुढे केला. सरळ सरळ लाच. घेतला, पण खाल्ला नाही. (रात्री खाल्ला. चांगला होता.)

१६ जानेवारी, शुक्रवार
हॉर्न बंद! ठाम बोललं की लोक ऐकतात. उठायला साडेसात झाले. हापिसात लेट मार्क.

१९ जानेवारी, सोमवार
बाबासो वरच्या गल्लीच्या टीमला गेला. नवी टीम, चारच पोरं. जाऊ दे. त्यांना उडी नसलेला माणूस लखलाभ.
संध्याकाळी दाराच्या फटीतून त्याने पाकीट सरकवलं. वर माझं नाव. परत घ्या म्हणून अर्ज असणार. आता कसं! मुदत संपेपर्यंत फोडणार नाही. फोडलं तर मन विरघळायचं. पाकिटावर ‘प्रलंबित’ लिहिलं.

२१ जानेवारी, बुधवार
प्रॅक्टिसला सहा जण. बॉल कुणीच आणला नव्हता. चर्चा चांगली झाली.

२२ जानेवारी, गुरुवार
नवीनच कटकट. पहाटे कोपऱ्यावर कुणाचा तरी टेम्पो पाच-पाच मिनिटं घरघरत उभा असतो. मग जातो. महापालिकेला अर्ज करणार.

२४ जानेवारी, शनिवार
धम्मपालने ना-हरकत मागितलं. आमचा सगळ्यात चांगला शूटर, बँकेत असतो, माणूस सरळ. म्हणाला, सर, राग मानू नका, पण तिकडं सगळे जमतायत. सही दिली. एक माणूस म्हणजे टीम नव्हे.
मिसळीच्या दुकानात बाबासो भेटला. पाकीट बघितलंस का, म्हणाला. मी म्हणालो, विचाराधीन आहे. तो म्हणाला, लवकर बघ गड्या, एकतीसला मुदत हाय. किती ती घालमेल! कीव आली. एका टेबलावर बसू म्हणाला, मी कामाचं निमित्त सांगून निघालो. मिसळीचा कट त्या दुकानाचाच चांगला असतो, पण एकट्याला जात नाही.

२७ जानेवारी, मंगळवार
आणखी पाच ना-हरकती. सगळी वरच्या गल्लीला. उरलेल्यांपैकी कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न, कुणाची कंबर. गाळ गेला. आता आकारामभोवती नवीन टीम उभी करायची.
पाकीट चहाच्या कपाखाली ठेवायला बरं पडतं.

२९ जानेवारी, गुरुवार
बिद्रीला फोन. आकाराम म्हणाला, पावणं, हंगाम चालू हाय, गाळप संपल्याबिगर कुटली सुट्टी? एप्रिलात बघू. जानेवारीत कारखाना चालू असतो हे ध्यानात आलं नाही. मोठ्या निर्णयात बारीक गोष्टी राहतात.

३१ जानेवारी, शनिवार
दुपारी चारला असोसिएशनच्या हापिसात. यादीत एकच नाव, माझं. तिथले क्लार्क गणपतराव म्हणाले, एकट्याची टीम हुत न्हाय सायेब. मी सांगितलं, यंदा धोरण म्हणून विश्रांती घेतोय.
वरच्या गल्लीची यादी टेबलावर होती. अकराच नावं! बारावी ओळ कोरी. नियोजनाच्या नावानं बोंब. बाबासो बाहेर बाकावर बसला होता. माझ्याकडे बघून उठला. मी मान हलवली आणि मागच्या दाराने आलो. त्याच्यासमोर पडलेला चेहरा नको.

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९
मुदत संपली. आता पाकीट फोडायला हरकत नाही. मनाने तयारी केली होती की मोठेपणाने माफ करायचं.
अर्ज नव्हता. ना-हरकतीचा भरलेला नमुना होता. खेळाडूचं नाव: सम्मेद पाटील. संघ: वरची गल्ली. खाली सेक्रेटरीच्या सहीची जागा तेवढी कोरी. म्हणजे माझीच सही, माझ्यासाठी.
सोबत वहीचं पान. बाबासोचं अक्षर:
‘सम्या, बारावी जागा तुझ्यासाठी ठेवलीया. तुझी टीम ऱ्हात न्हाय, मला दिसतंय. हॉर्न नको म्हणालास म्हणून मारत न्हाय. रोज कोपऱ्यावर पाच मिनटं थांबतो. सही करून टेम्पोत येऊन बस, प्रॅक्टिसला जाऊ. तू न्हाईस तर कुणावर वरडायचं?’
पानावर चहाचा गोल डाग.

दुपारी १२
गणपतरावांच्या घरी गेलो. रविवार, लुंगीवर होते. म्हणाले, काल पाचाला टेबल बंद केलं की हो. तुमचा बाबासो शेवटपर्यंत बाकावर बसला हुता, आणि पाच मिनटं थांबा म्हणत हुता. मी म्हणालो, सही माझीच हवी होती, मी आत्ता करतो. ते म्हणाले, आता वर्षानं.
घरी येऊन तरी सही केली.

२ फेब्रुवारी, सोमवार
पाचला आपोआप जाग आली. बूट, टॉवेल, बाटली घेतली. खेळता येणार नाही, पण बॉल तरी गोळा करीन म्हणून सांगणार होतो. चूक झाली असंही म्हणणार होतो. पाठ केलं होतं.
पाच वाजून दहा ते सव्वासहा कोपऱ्यावर उभा. पेपरवाल्याने सायकल थांबवून विचारलं, पावणं, कुणाची वाट बघतायसा? या गल्लीत मला बारा वर्षं झाली. म्हणालो, दुधाच्या टेम्पोची. तो म्हणाला, त्यो व्हय? त्यो आजपास्नं मागल्या रस्त्यानं जातोय की.
घरी आलो. चहा केला, एक कप.
उद्या मागच्या रस्त्यावर जाऊन उभं राहावं असं ठरवत होतो. पण थंडी फार आहे. परवापासून बघू.