सहाव्या देवडीवरील स्वयंपाकघर

मी, जिर्यिस बिशारा मुअम्मर, वय एक्याऐंशी, धंदा गवंडीकाम, शिक्षण चौथी उत्तीर्ण, राहणार दैर अल-हजल, गालील, पूर्ण शुद्धीत आणि कोणा माणसाच्या दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. दडपण आहे ते नोटिशीचे. ते कलम दोनमध्ये येईल.

१. राहते घर मी स्वतः बांधले. माझ्या पश्चात ते विधवा कन्या अफीफा हिचे. चिरंजीव इल्यास चिलीहून फोनवर म्हणाला, "भरपाई घ्या आणि मोकळे व्हा, बाबा." त्यास माझा ओळंबा द्यावा. सरळ कशास म्हणतात, ते त्याने त्यावर पाहावे.

२. घराखाली प्राचीन नगराची वेस आहे. तिच्या सहा देवड्यांपैकी पाच पूर्वीच्या संशोधकांनी बेफिकीरपणे उकरल्या. सहावी, अस्पर्श, आमच्या स्वयंपाकघराखाली आहे. एक प्राध्यापक म्हणतात, "वेस शलमोन राजाचीच!" दुसरे म्हणतात, "कसला शलमोन! मडकी बघा की, शंभर वर्षं नंतरची आहे." वीस वर्षे दोघे माझ्याच ओट्यावर, माझीच कॉफी पिऊन भांडले. एकमत एवढ्यावरच झाले की निकाल माझ्या चुलीखालच्या मातीत आहे. म्हणून येत्या एप्रिलात घर पाडून खोदाई होणार, अशी सरकारी नोटीस आली आहे. अर्ज, वकील, विनवण्या, सर्व करून झाले.

३. टेकडीच्या उत्तरेस खोदताना माणसांची हाडे लागली; कबरी उकरायच्या नाहीत, म्हणून तेव्हापासून तेथील काम बंद आहे. सबब माझे दफन स्वयंपाकघरातच करावे. कबर नवी आहे, असे ते म्हणतील. म्हणोत. तारखेच्या वादात त्यांची आणखी वीस वर्षे जातील. अफीफा रडत म्हणाली, "मेल्यावर तुमच्या डोक्यावर मिरे वाटू का मी?" मी म्हणालो, "जिवंतपणी दुसरं काय केलंस, पोरी?" पाद्रींनी नकार दिल्यास प्रार्थना तिनेच म्हणावी.

४. दफनभूमीत पत्नी वदीया हिच्या शेजारची जागा मी स्वतःसाठी राखली होती. ती चुलतभाऊ फारिस यास मिळू नये. स्वतःचे घर खोदाईसाठी विकून तो वर मला म्हणाला, "दगडांना काय कवटाळून बसलायस, म्हाताऱ्या?" जागा रिकामी ठेवावी. वदीयास हे कोणी समजावावे, ते मला सुचत नाही.

५. डॉक्टरांच्या मते माझे हृदय आणखी दहा वर्षे चालेल. एप्रिलपूर्वी मृत्यू न आल्यास वरील कलमे निरुपयोगी आहेत. म्हणून अफीफाने माझी खाट आजच स्वयंपाकघरात आणावी, चुलीला लागून. यायचे त्यांनी यावे. मी उठणार नाही.

सही: जिर्यिस बिशारा मुअम्मर

आमच्यासमोर वाचून, सही केली:
नखला सलीम शोफानी, शेजारी
राजी तौफीक अव्वाद, बेकरीवाले

दैर अल-हजल, ९ ऑक्टोबर २०१८