न लागणारं दार

दादा,

दारूपायी मी संसार मोडला, तेव्हा तू म्हणालास, "तुला देवसुद्धा जवळ करणार नाही." मलाही ते पटलं होतं. म्हणून प्रार्थनाघराचं दार करताना मी आत पाऊलच टाकलं नाही, सगळी मापं बाहेरून घेतली. आतली फरशी निघाली चढती. आत ढकललेलं दार तिच्यावर असं घट्ट बसलं, की लागायचं नाव घेईना!

शरमेनं रंधा घेऊन धावलो, तर झाडलोट करणारी आजी हसली. "राहू दे रे. देवाला कुणाला बाहेर ठेवायचंय? तू आधी आत ये."

गेलो, दादा! भुशानं माखलेल्या कपड्यांनिशी थेट पहिल्या ओळीत बसलो. निघताना दाराची कडीच काढून घेतली; आता तिचं तिथं काय काम?

हे पत्र टाकत नाही. कडी घेऊन मीच येतोय.

तुझाच,
धाकटा