आधी परतीची गाडी

शनिवार, ३ ऑक्टोबर

बुधवारी बायको रिटायर झाली. सगळी नोकरी वॉर्डात, नर्स म्हणून. डे, नाइट, पुन्हा डे. घरी आल्या आल्या हातातलं घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. मी विचारलं, बंद पडलं का. म्हणाली, चालू आहे, पण आता मला नको.

आज विचारलं, रिटायरमेंटबद्दल काय हवं. वाटलं, नवा ओव्हन मागेल. म्हणाली, लोकलच्या शेवटच्या स्टेशनवर उतरायचं, शेतांतून चालत समुद्रावर जायचं आणि सूर्य बुडेपर्यंत तुमच्याशेजारी बसायचं. बस, एवढंच.

मागायचं तर योग्य माणसाकडे मागावं. रेल्वेच्या टाइमटेबल विभागात सीनियर क्लार्क आहे मी. या लाइनीवरची एकही गाडी माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय छापली जात नाही. म्हटलं, उद्याच जाऊ. दिवसभराच्या कामाने अंग आंबून गेलंय, पण शब्द म्हणजे शब्द.

रविवार, ४ ऑक्टोबर

गेलो नाही. प्लॅन नव्हता.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी परतीची गाडी नक्की करायची, मग बाकीचं. तिथून परतीच्या गाड्या दोन. पाच दहा आणि नऊ चाळीस. नऊ चाळीस शेवटची. शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवणारा माणूस बाकड्यावर झोपतो, हे मी नव्या क्लार्कना पहिल्याच दिवशी सांगतो. म्हणजे पाच दहा. स्टेशनवर निदान अर्धा तास आधी. त्याआधी पाऊण तास चालायचं. थोडं मार्जिन.

हिने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, सूर्य सहानंतर बुडतो, त्याला लवकर बोलावू का? मी हसलो नाही. टाइमटेबल हा थट्टेचा विषय नाही.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक तक्ता केला. ‘लोकलने गाठता येतील अशा रविवारच्या वाटा.’ कालव्याकाठची, टेकडीवरची, दीपगृहाची, सगळ्या. जाण्याची गाडी निळ्या शाईत, परतीची लाल. भिंतीवर लावला. लोक येऊन बघतात, मला विचारतात. या विषयातला अधिकारी माणूस म्हणून बघायला लागलेत.

साहेबांनी विचारलं, यातल्या किती वाटा स्वतः चाललात. म्हटलं, काम चालू आहे.

रविवार, ११ ऑक्टोबर

गेलो. मोहीम यशस्वी.

शेवटचं स्टेशन अगदी लहान. एक बाकडं, पाण्याची टाकी, एक चहावाला. शेतांच्या बांधावरून निघालो. ही पुढे, मी मागे. कालव्यापाशी पोचलो तेव्हा मी घड्याळ पाहिलं. वाटेत एक फाटक उघडेना, त्यात वेळ गेला होता, शिवाय हिने कुठल्याशा बाईशी कोबीवर गप्पा मारल्या. मार्जिन कमी झालेलं. हिला परत फिरवलं.

स्टेशनवर गाडीच्या सव्वा तास आधी हजर. बाकडं आख्खं आम्हालाच. चहावाल्याने विचारलं, समुद्र कसा वाटला. म्हटलं, साधारण अंदाज आला.

ही आलेल्या वाटेकडे बघत बसली होती. दमली असावी.

बुधवार, १४ ऑक्टोबर

नवे शूज घेतले. दुकानदार म्हणाला, डोंगर चढाल. घरातल्या घरात घालून फिरतोय. टाचेला फोड आला. आजकाल कशातच राम राहिला नाही.

रविवार, १८ ऑक्टोबर

या वेळी कालवा ओलांडला, टेकडी चढलो. वर वारा होता. आणि समुद्राचा आवाज आला, अगदी स्पष्ट. ही माझ्याकडे वळून म्हणाली, उतरलं की आलाच. हिचा चेहरा असा खुलला होता, की मी घड्याळ जरा उशिराच पाहिलं.

पण पाहिलं. म्हटलं, आज इथपर्यंत पुष्कळ झालं. आवाज ऐकला म्हणजे तत्त्वतः पोचलोच की.

 गाडीत बसल्यावर ही म्हणाली, भेटायची वेळ संपली की पेशंटच्या माणसांना वॉर्डाबाहेर काढायचं काम मी जन्मभर केलं. निघताना त्यांना कसं वाटत असेल, ते आज कळलं.

मी म्हटलं, वेळा पाळाव्याच लागतात. तिने मान हलवली. मला वाटतं, पटलं असावं. मात्र त्यानंतर खिडकीबाहेरच बघत होती, बाहेर काळोख झाला तरी.

मंगळवार, २० ऑक्टोबर

मेहुणीबाईंचं आगमन. शिवणाचे क्लास घेते, त्यामुळे माप काढल्याशिवाय कुणाला सोडत नाही. माझा तक्ता ऐकून म्हणाली, भावोजी, तुमचं म्हणजे आधी कळस मग पाया. पुढे ‘उंटावरचे शहाणे’ असंही म्हणाली. पाहुणी आहे म्हणून सोडून दिलं.

तिचा प्लॅन असा: रविवारी तिघांनी जायचं, परतीचं बघायचंच नाही. दीपगृहाजवळ एक बाई खोली देते, तिथे राहायचं. मी म्हटलं, सोमवारी ऑफिस आहे. हिने विचारलं, रजा किती शिल्लक आहे. रजा ढीगभर आहे. पण ती वेळप्रसंगाला राखून ठेवलेली आहे. ही म्हणाली, मग वेळप्रसंग कधी येतो ते टाइमटेबलात आहे का?

म्हटलं, बघू. ही बहिणीला म्हणाली, ‘बघू’ म्हणजे नाही, लग्न झाल्यापासून हेच.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

ही माझ्याशी बोलते. भाजी कुठली, दूध आलं का, गॅस संपला का. सगळं व्यवस्थित बोलते. पण समुद्राचं नाव काढत नाही. मीच दोनदा काढलं. म्हणाली, हो ना. बस्स, एवढंच.

मला हे आवडलेलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, २४ ऑक्टोबर

ठरलं. उद्या सूर्य बुडेपर्यंत बसायचं. या दोघींना खुशाल राहू दे, मी नऊ चाळीसने येईन. हिला सांगितलं. तिने हातातली भाजी खाली ठेवली, म्हणाली, नक्की? म्हटलं, नक्की. कितीतरी दिवसांनी हसली. माझ्या डब्यासाठी काय करू, असंही विचारलं.

संध्याकाळी: नऊ चाळीस मागच्या वर्षी तीनदा रद्द झाली होती. हे आठवायला नको होतं.

रविवार, २५ ऑक्टोबर, सकाळी

निघतोय. पाच दहा डोक्यातून काढून टाकली आहे. समूळ.

त्याच दिवशी, प्लॅटफॉर्मवर

गाडीला वेळ आहे, म्हणून लिहितो.

टेकडीपर्यंत उत्तम चाललो. वर पोचलो आणि टाच ठणकायला लागली. खरंच ठणकत होती. म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी हळूहळू मागे फिरतो, पाच दहा मिळेल. मेहुणीने तोंड उघडलं, हिने तिच्या दंडाला हात लावला. आग्रह केला नाही. म्हणाली, जपून जा, फाटकापाशी निसरडं आहे.

आणि दोघी उतरायला लागल्या. ही इतकी भरभर चालते हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे आजवर माझ्यासाठी हळू चालत होती. ती मागे वळून बघेल म्हणून मी थांबलो होतो. मार्जिन होतं. नाही बघितलं.

स्टेशनवर वेळेच्या पुष्कळ आधी पोचलो. पाच दहा झाले. गाडी नाही. मग कळलं, दीड तास लेट. चहावाला म्हणाला, रविवारी ही बऱ्याचदा लेट असते, सगळ्यांना माहीत आहे. मी त्याला सांगितलं, टाइमटेबल मी स्वतः तपासलंय, त्यात पाच दहाच आहे. त्याने दुकान आवरायला घेतलं.

सूर्य पाण्याच्या टाकीमागे गेला. तिथून काही दिसत नाही.

नंतर, गाडीत

प्लॅटफॉर्मवर असतानाच हिचा फोन आला होता. विचारलं, गाडी मिळाली का. म्हटलं, मिळाली, वेळेवर होती, आत्ताच घरात शिरलो. तेवढ्यात डोक्यावरच्या भोंग्यातून घोषणा झाली. पाच वाजून दहा मिनिटांची गाडी आणखी वीस मिनिटं उशिरा धावत आहे. मी फोनवर हात दाबला, पण उशीर झाला होता.

 तिच्यामागे लाटांचा आवाज येत होता. मग म्हणाली, बरं. जेवून घ्या वेळेवर. आणि फोन ठेवला.

फार एकटं वाटलं. हिशेब केला. सूर्य बुडेपर्यंत तिच्याशेजारी बसून, सावकाश चालत आलो असतो, तरी हीच गाडी मिळाली असती. दोनदा केला हिशेब. उठलो. स्टेशनबाहेर पडून शेतांच्या वाटेपर्यंत गेलो. टाच दुखत नव्हती.

तेवढ्यात गाडीचा दिवा दिसला. परत आलो.

डबा रिकामा आहे. हवी ती जागा मिळाली.