शेपरचं किट

बाबा, मानपाड्याच्या ज्या कारखान्यात तुम्ही फिटर होतात, त्याच्या मागच्या गल्लीत आता मी लेझरवर प्लाय कापून घेते. लाकडी यंत्रांची किट्स मी स्वतः डिझाइन करते. तुकडे एकमेकांत बसवायचे, हँडल फिरवलं की यंत्र चालतं. कापताना लेझर थोडं लाकूड जाळतो, म्हणून खाच प्लायच्या जाडीपेक्षा किंचित अरुंद काढायची, तरच तुकडे गोंदाशिवाय घट्ट बसतात. हे मला बराच प्लाय वाया घालवून कळलं. घरात फिटर असून मला कोणी काही शिकवलं नाही.

दसऱ्याला मशिनींची पूजा असायची, तेव्हा घरच्यांना आत सोडायचे. नारळ फुटल्यावर तुम्ही नावापुरता शेपर चालू केलात. लोखंड तासणाऱ्या त्या मशीनचा दांडा पुढे सावकाश जातो आणि मागे झपकन येतो. मी विचारलं, असं का? "तुला काय करायचंय? जा, पेढे वाट." दादाला मात्र जवळ उभं करून हँडलवर हात ठेवायला दिलात. तो जांभया देत होता.

घरी मी लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून, टाचण्या लावून तसाच शेपर बनवला. आधी फसला, मग चालला. तुम्ही कामावरून येता, चहा बाजूला ठेवता, तो फिरवून बघता. मला वाटतं, आता काहीतरी बोलणार. "हे दादाला दे. त्याच्या शाळेत प्रदर्शन आहे. तुला काय पुढे मशीनवर उभं राहायचंय?"

आई आतून म्हणाली, "अहो, पोरीने केलंय ते."

"मग काय झालं? घरातच राहतंय ना?"

दादाला बक्षीस मिळालं आणि तुम्ही ते कारखानाभर सांगितलंत. तुमचे मित्र मलाच म्हणाले, "तुझा भाऊ बापावर गेलाय हां." तेव्हा मी हसले होते. आता दात खाऊन लिहितेय.

दादा हल्ली विमा विकतो. मागच्या आठवड्यात माझ्याकडे कोपरला आला, तेव्हा टेबलावर शेपरचं नवं किट होतं. डबे छापायला जायचे होते. त्याने ते फिरवून बघितलं. "भारी झालंय यार. डब्यावर बाबांचं नाव टाक ना. त्यांना बरं वाटलं असतं." ते प्रदर्शन त्याला आठवतसुद्धा नाही.

"नाही टाकणार. हे माझं आहे."

"अगं, गेले ना ते आता. किती दिवस धरून बसणार?"

"तुझं काही गेलं नाही ना, म्हणून विचारतोयस."

तो चहा न घेताच गेला. मी बोलले ते बरोबरच बोलले. तुम्ही असतात तर तुमच्या तोंडावरही हेच म्हटलं असतं.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून एवढं सांगते. तो गेल्यावर नमुन्याच्या डब्यावर माझ्या नावाखाली पेन्सिलीने तुमचं नाव लिहून बघितलं. चांगलं दिसत होतं, आणि त्याचाच मला फार राग आला. अजून खोडलेलं नाही.