हात लावण्याआधी भाव विचारावा

प्रिय लॉर्ना मावशीस,

केझायाचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आणि त्या एकशिंगी बकरीचा ताप उतरला का? (आधी तुझी चौकशी केली, मग बकरीची. आईने पत्रलेखनात हाच क्रम शिकवला होता.) अक्षर फार वाईट आलंय, त्याबद्दल माफ कर. कारण पुढे येईलच.

आमच्या दरवाजांच्या कारखान्यात दर नोव्हेंबरात डोनट खायला घालून पगारवाढ जाहीर करतात. यंदा तिचा तक्ता मला करायला सांगितला. करवतीवरच्या आर्विडकाकांना वर्षाला आठशे बत्तीस डॉलर वाढ आणि आमचे साहेब गुंडरसन यांना नऊ हजार. शेजारच्या रकान्यात पगारातून कापल्या जाणाऱ्या आरोग्य विम्याच्या हप्त्यातली वाढ, दोघांनाही सारखीच आठशे, कारण आजारी पडताना पगार कोण विचारतो? इथवर ठीक होतं. पण गणित अर्धवट सोडलं की आई स्वयंपाकघरातल्या टेबलावरून उठू देत नसे, म्हणून मी आपणहून "हातात काय उरलं" असा तिसरा रकाना घातला. आर्विडकाकांपुढे बत्तीस आले. मला रात्रभर वाटत राहिलं, माझीच वजाबाकी चुकली असणार.

तो तक्ता स्टुलावर चढून फळ्याला लावत होते, तेवढ्यात मागून आर्विडकाका गरजले, "पोरी, वर्षाचे बत्तीस? अगं, एवढ्यात माझ्या कुत्र्याचा वाढदिवससुद्धा होत नाही!" साहेब म्हणाले, "हा रकाना कुणाचा उद्योग?" प्रश्न विचारला की हात वर करायचा, ही माझी सवय. (आईच्या घरच्या शाळेत वर्गात मी एकटीच होते, तरी करत असे.) मी फळा धरलेला हात वर केला आणि उजव्या मनगटावर खाली आले.

साहेब तसे भले. "सोमवारपर्यंत टाइप करता येईलसा हात घेऊन ये," म्हणाले, "नाहीतर जागेवर दुसरं कुणी बघावं लागेल." म्हणून मी इस्पितळात गेले आणि एक्स-रेच्या आधी किंमत विचारली. हात लावण्याआधी भाव विचारावा, हे तुम्हा दोघी बहिणींचंच ब्रीद ना? खिडकीतल्या बाई माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू मी देवळात भाव केला होता.

"तुझा विमा कोणता, त्यावर आहे बाई."

"आणि विमा नसेल तर?"

"मग किंमत वेगळीच."

त्यांनी दुसऱ्या खिडकीत पाठवलं, तिथून तिसऱ्या आणि मग एका फोनवर, जिथे चाळीस मिनिटं बासरी वाजत होती. चौथ्या खिडकीतल्या आजोबांनी मात्र प्रेमाने समजावलं. इथे एक माणूस बिल लिहितो, विमा कंपनीतला दुसरा ते नाकारतो, मग इथला तिसरा तेच पुन्हा लिहितो. तिघांना पगार, आणि मावशी, तिघांना विमा! "तेहतीस वर्षांत भाव विचारणारी तू दुसरी," ते म्हणाले. पहिल्याचं काय झालं, विचारलं. "बरा झाला," म्हणाले, "थांबून थांबून." खर्च का वाढतो याची आणखीही कारणं असतील, पण मला चार खिडक्यांत एवढंच सापडलं. एक्स-रे न काढताच परतले.

बाकी सर्व ठीक. काळजी नसावी.

तुझी,
केझाया

ता. क. हे पत्र डाव्या हाताने लिहिलंय.

ता. क. २. तुझ्या दवाखान्याच्या दारावर खडूने भाव लिहिलेले असतात: मांजर, मध्यम कुत्रा, वासरू. साऱ्या परगण्यात दारावर भाव लिहिणारी डॉक्टर तू एकटीच. रविवारी येऊ का? कायद्याने तुला माणसावर उपचार करता येत नाहीत, हे मी वाचून ठेवलंय. नुसतं मावशीच्या नजरेने बघ आणि मुरगळलंय की मोडलंय तेवढं सांग. मोडलं असेल तर मुकाट्याने चौथ्या खिडकीत जाईन. मी मध्यम कुत्र्यापेक्षा जड आहे, तेव्हा वासराचा भाव लाव. फुकट बघणार असशील तर मी येणार नाही.

ता. क. ३. विमा वाया गेला असं मात्र आईला सांगू नकोस. मनगटाला फडकं बांधलंय, त्यात आधाराला काहीतरी कडक हवं होतं. विम्याचं कार्ड अगदी मापात बसलं.