उचलला की कटते

ऊर्जानगर, ४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबांस दिव्यानीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा फोन कवाचा बंद लागते, म्हणून पत्र टाकून राह्यली. बंद व्हायच्या आधी तुमाले फोन लावला की ढिंच्याक गाणं वाजे. इथी क्वार्टरमधले सारे विचारतात, तुह्या बाबाले या वयात हे काय सुचलं!

मले सातवा लागला. पाय सुजतात, बाकी बरं हाये. आईले कवा पाठवता? माया राहू द्या.

दिव्यानी

ता. चामोर्शी, १० ऑगस्ट

चि. दिव्यानीस अनेक आशीर्वाद.

बाई, ते गाणं म्या नाई लावलं. तलावात जाळं ओढून राह्यलो होतो, फोन आला, वल्ल्या हातानं कोणतं बटन दाबलं गेलं कोण जाणे. तवापासून पैसे कटतात. बंद कराले फोन केला, त मशीनमधली बाई म्हणे एक दाबा. दाबलं, अन् क्रिकेटच्या बातम्या चालू झाल्या. त्याचे बी पैसे! असा समदा रिचार्ज संपला अन् फोन बंद पडला. कंपनी बदलतो म्हटलं, त दुकानदार म्हणे आधी रिचार्ज मारा, मंगच कंपनी बदलाचा मेसेज जाते. नंबर फेकतो म्हटलं, त बँक, सिलिंडर, मच्छीमार सोसायटी, समदं त्यालेच बांधून हाये. आता फोन चालू झाला तरी अनोळखी नंबरले मी हात लावत नाई. उचलला की कटते.

धानाचं रोवणं आटोपलं की तुही आई येते. जपून राहा.

तुहा बाबा

चंद्रपूर, दवाखाना, १९ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस सा. न.

तुमचं पत्र भेटलं तसा यांनी इथूनच तुमचा रिचार्ज मारला. रविवारी हे ड्यूटीवर असताना माह्या अंगावरून रक्त जाले लागलं. माहा फोन चार्जिंग उतरून बंद. शेजारच्या बायनाबाईच्या फोनवरून तुमाले लावला. आईले विचाराचं होतं, काय करू म्हणून. गाणं वाजतच राह्यलं. पुन्हा लावला, पुन्हा तेच गाणं. शेवटी बायनाबाईनंच ऑटोत घालून आणलं.

लेकरू पोटात ठीक हाये, पण मले उठू देत नाई. कालपासून यांच्या फोनवरून लावते, त तुमचा रेंजमधी नाई म्हणते, म्हणून पत्र. आईले पाठवा, एवढंच मागते.

तुमची दिव्यानी

ता. चामोर्शी, २२ ऑगस्ट

चि. दिव्यानीस आशीर्वाद.

हे पत्र आईच्या हाती देऊन राह्यलो. फोन वाजला तवा ती म्हणे, उचला ना हो. मी म्हटलं, कंपनीचा हाये, वाजू दे. मी धानाच्या बांधीवर बसून त्याले वाजताना पाहत होतो. मले काय माहीत, बाई.

बाकीचं रोवणं मी पाहतो. आई तुह्याजवळ राहीन. आता फोन वाजला की जाळं सोडून उचलतो. आज सकाळी वाजला, घाईनं कानाले लावला, दिव्यानी काय, म्हटलं. त तीच मशीनची बाई. राशीभविष्य चालू केल्याबद्दल धन्यवाद, म्हणे.

कटू दे. तू कोणाच्याबी फोनवरून लाव.

तुहा बाबा